स्विफ्टची पुढची ब्रेक डिस्क घरी बदलायची तर कोणती घ्यावी आणि पैसे कशावर घालावेत

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि गॅरेजमधून निदान येतं: डिस्क वाकली. मग ती लेथवर फिरवून घेतात किंवा नवी टाकतात. काही दिवस गाडी लोण्यासारखी थांबते आणि पाच-सहा हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत हाताला लागते. बोल नव्या डिस्कला बसतो. पण अशा बहुतेक गाड्यांत डिस्क वाकलेलीच नसते. ती ज्या हबवर (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा लोखंडी भाग) बसते त्या हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहून गेलेला असतो. त्यामुळे हे परीक्षण डिस्क आणि पॅडचं असलं, तरी निम्मं लिहिणं ती बसवण्याबद्दल आहे. बसवणी चुकली तर कितीही चांगली डिस्क आणा, पैसे वायाच.

उदाहरणाला मारुती स्विफ्ट घेतली आहे, कारण महाराष्ट्रात ती गल्लोगल्ली दिसते आणि तिचे पुढचे ब्रेक घरी काम शिकायला सोपे आहेत. पुढे आतून हवा खेळणारी डिस्क, एका पिस्टनचा सरकता कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), मागे बहुतेक व्हेरियंटना ड्रम. २०११ नंतरच्या पिढीतल्या नेहमीच्या डिस्कचा व्यास २५२ मिमी, नवी असताना जाडी २० मिमी आणि झिजण्याची हद्द १८ मिमी. खरेदीआधी आपल्या डिस्कवर ओतलेला किमान जाडीचा आकडा वाचावा, कारण मॉडेल आणि वर्षाप्रमाणे माप बदलतं. गाडीवर दिसतो तोच आकडा प्रमाण मानायचा.

आता दुकानात काय मिळतं ते. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, नाहीतर ऑनलाइन, कुठेही गेलात तरी पर्याय साधारण चार प्रकारचे असतात.

पहिला, कंपनीच्या खोक्यातला. मारुतीच्या जेन्युइन पार्ट्सच्या खोक्यावर पार्ट नंबर, छापील किंमत आणि होलोग्राम असतो. रोजच्या गाडीसाठी माझी पहिली पसंती हीच. कारण चकचकीतपणा नाही. मधलं भोक हबच्या कडेवर नेमकं बसतं आणि जाडी सगळीकडे सारखी मिळते, हे कारण. गाडीचा चेसिस नंबर सांगून पार्ट नंबर काढून घ्यावा. "स्विफ्टची डिस्क द्या" एवढ्यावर घेतलेली डिस्क घरी आल्यावर दीड मिलीमीटरने उंच निघू शकते आणि मग कॅलिपरचं ब्रॅकेट, म्हणजे तो ज्यावर बसतो ती चौकट, बसत नाही.

दुसरा, नावाजलेल्या ब्रेक कंपन्यांच्या कोटिंगवाल्या डिस्क. ब्रेम्बोची यूव्ही कोटिंग असलेली डिस्क हे ओळखीचं उदाहरण. हिला गंज रोखणारं तेल फासलेलं नसतं, त्यामुळे धुण्यापुसण्याचं एक काम कमी होतं. पण खरा फायदा तीन-चार पावसाळ्यांनी कळतो. कोकणात किंवा समुद्राजवळच्या सोसायटीत उघड्यावर राहणाऱ्या गाडीची साधी डिस्क मधल्या उंच भागावर, म्हणजे टोपीवर, आणि बाहेरच्या कडेवर अशी गंजते की ती हबवरून काढायला हातोडा लागतो. कोटिंगवाली तुलनेने सहज सुटते. रत्नागिरी, अलिबाग, पणजी, वसई अशा ठिकाणच्या गाडीला थोडे जास्त पैसे देऊन हीच घ्यावी. नागपूर-सोलापूरकडच्या कोरड्या हवेत तो खर्च टाळला तरी चालतो.

तिसरा, भोकं पाडलेल्या किंवा चरे मारलेल्या डिस्क. दिसतात छान. पण रोजच्या स्विफ्टला त्यांचा उपयोग नाही. राखाडी बिडाच्या डिस्कमध्ये भोकाच्या कडेला ताण गोळा होतो. घाट उतरून तापलेल्या डिस्कवर पाणी उडालं की बारीक तडे सुरू होतात ते तिथूनच. चरे पॅड लवकर खातात. लांब उतारावर गाडी सांभाळायला दुसरा गिअर हा त्याहून चांगला आणि फुकटचा उपाय आहे.

चौथा, बिननावाच्या खोक्यातली स्वस्त डिस्क. ती दुकानातच तपासता येते. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) बरोबर न्यावा आणि परिघावर समान अंतराने आठ ठिकाणी जाडी मोजावी. नव्या डिस्कमध्ये ही आठ मापं साध्या व्हर्नियरला वेगळी दिसताच कामा नयेत. दोन ठिकाणी फरक दिसला तर ती डिस्क काउंटरवरच ठेवून यावी. आतल्या पात्यांकडेही बघावं. दोन्ही बाजूंच्या थाळ्या सारख्या जाडीच्या हव्यात. ओतताना साचा सरकला असेल तर एक थाळी पातळ, एक जाड दिसते, आणि अशी डिस्क तापल्यावर खरोखरच वाकते.

डिस्क जोडीनेच घ्यायची, पॅड नवेच घालायचे. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चर उमटलेले असतात. ते नव्या सपाट डिस्कला नीट टेकत नाहीत. लेथवर फिरवून घ्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. हिशोब करून बघा. जुनी डिस्क १८.६ मिमी उरली आहे. चर काढायला प्रत्येक बाजूने ०.३ मिमी घ्यावं लागलं, तर ती बरोबर १८.० वर, म्हणजे हद्दीवर येऊन गाडीला लागते. पहिल्या दिवशीच तिचं आयुष्य संपलेलं असतं. १९.२ च्या वर असेल तरच लेथचा विचार करावा.

पॅडचं म्हणाल तर तीच कंपनीची जोडी, नाहीतर ब्रेकच बनवणाऱ्या जुन्या नावाची. खोक्यात पॅडबरोबर पत्र्याच्या क्लिपा आणि मागच्या शिम (पॅडमागच्या पातळ पट्ट्या) आहेत का ते बघावं. स्वस्त पॅडमध्ये बचत बहुधा इथेच केलेली असते. जुन्या क्लिपा परत वापरल्या की पॅड अडकतात, एका बाजूने झिजतात आणि गाडी तिकडे ओढते.

हत्यारं: कुठे खर्च करायचा

डिस्कवर पाचशे रुपये वाचवून ते हत्यारात घातले तर जास्त उपयोगी पडतात, हे माझं ठाम मत आहे. गाडीबरोबर येणारा कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर चाक काढून गाडीशेजारी बसून काम करू नये. दोन टनी ट्रॉली जॅक आणि घोड्यांची (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडची) जोडी लागतेच. घोडा घेताना त्याच्या पायांचा पसारा बघावा. अरुंद पायांचा घोडा स्वस्त पडतो आणि डगमगतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि घोडा दोन्हीखाली १८ मिमी प्लायवूडचा तुकडा ठेवावा, नाहीतर एखादा ब्लॉक खचतो. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवावं. घोडा सरकलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

गोट्या (सॉकेट) आणि पाने नाशिकच्या सातपूरमधल्या तापारियाचे घेतले तर घरच्या कामाला आयुष्यभर पुरतात. स्विफ्टच्या चाकाच्या नटाला १९ ची गोटी, ब्रॅकेटच्या बोल्टला बहुधा १७, कॅलिपरच्या पिनांना १२ किंवा १४. गोटी सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची गोटी गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल करते आणि मग दहा मिनिटांचं काम दिवसभर पुरतं.

टॉर्क रेंचबद्दल, म्हणजे ठरवलेला जोर लागला की क्लिक करणाऱ्या पान्याबद्दल, थोडं सविस्तर. बाजारात सर्रास मिळणारा अर्धा इंची रेंच २८ ते २१० न्यूटन-मीटरचा असतो. चाकाच्या नटांना तो बरोबर आहे. मारुतीत मॉडेलप्रमाणे ८५ किंवा १०० न्यूटन-मीटर लागतात, आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. ब्रॅकेटच्या बोल्टांनाही तो चालतो. कॅलिपरच्या पिनांचे बोल्ट मात्र साधारण २५ न्यूटन-मीटरचे, म्हणजे या रेंचच्या मापाखालचे. तिथे तो क्लिक होण्याआधीच आटे जातात. त्यासाठी ३/८ इंची छोटा रेंच वेगळा हवा. टॉर्क रेंचने नट कधी सोडवू नये, आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवावी.

बाकी सामान किरकोळ आहे: ब्रेक क्लीनरचे दोन डबे, तारेचा ब्रश, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब, मोठा सी-क्लॅम्प, ८ मिमीचे दोन बोल्ट, जाड तार आणि एन-९५ मास्क. मास्क टाळू नये. जुन्या पॅडची भुकटी हवेने फुंकून उडवायची नाही. क्लीनरने ओली करून पुसायची.

काम

गाडी सपाट जागेवर, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, मग गाडी उचलायची आणि घोड्यावर ठेवायची. स्टिअरिंग बाहेरच्या बाजूला वळवलं की ब्रॅकेटचे मागचे बोल्ट समोर येतात.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याची पातळी बघा. मध्ये कुणी ऑइल ओतून ठेवलं असेल तर पिस्टन मागे दाबताना ते वरून सांडतं आणि गाडीचा रंग उचकटतं. आधीच थोडं काढून ठेवा. सांडलंच तर लगेच पाणी ओतून धुवा, नुसतं पुसू नका.

कॅलिपरची खालची पिन सोडून तो वर उचलला की पॅड दिसतात. ते काढताच टाकून न देता शेजारीशेजारी ठेवून बघा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप जास्त झिजला असेल तर पिना जाम आहेत. एकच पॅड वर जाड, खाली पातळ असेल तर तो क्लिपमध्ये अडकत होता. नव्या डिस्कने यातलं काहीच सुटत नाही. कारण इथेच शोधावं लागतं.

कॅलिपर पूर्ण काढल्यावर तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. ब्रेकच्या रबरी नळीवर लटकवू नका. नळी बाहेरून धड दिसली तरी आतला थर फाटतो. ब्रॅकेटचे दोन बोल्ट सोडले की डिस्क मोकळी. ती निघत नसेल तर हातोड्याने ठोकत सुटू नका, हबचं बेअरिंग मार खातं. मारुतीच्या डिस्कच्या टोपीवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात ८ मिमीचे दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा पिळत गेलं की डिस्क स्वतःच हबपासून उचलून येते. त्यासाठीच ती भोकं दिलेली आहेत. अनेक गॅरेजांत त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

हबचं तोंड

इथे घाई करायची नाही. डिस्क निघाली की हबच्या सपाट तोंडावर विटकरी रंगाचा थर दिसतो. मध्ये तो पातळ असतो, पण प्रत्येक स्टडच्या (चाकाचा नट ज्यावर बसतो त्या दांड्याच्या) बुडाशी त्याची गोल कडी जमलेली असते, नखाला लागेल एवढी उंच. तारेचा ब्रश स्टडच्या मुळाशी पोचत नाही. तिथे ८० नंबरच्या कागदाचा तुकडा स्टडभोवती गुंडाळून बोटाने फिरवावा लागतो. मधल्या उंच कडेवरही, जिथे डिस्कचं भोक बसतं, तसंच घासायचं. हाताला गुळगुळीत आणि डोळ्याला पांढरं लोखंड दिसेपर्यंत. एका बाजूला पंधरा मिनिटं सहज जातात.

एवढं का? हबचं तोंड साधारण १३० मिमी रुंद आहे आणि डिस्क २५२ मिमी. हबच्या कडेला ०.०५ मिमीचा, म्हणजे कागदाच्या जाडीच्या निम्मा, पापुद्रा राहिला तर डिस्क तेवढी कलते आणि बाहेरच्या कडेला तो फरक जवळजवळ दुप्पट, ०.१ मिमी होतो. एका किलोमीटरला चाक पाचशेहून जास्त वेळा फिरतं. प्रत्येक फेऱ्यात डिस्कची तीच जागा पॅडला चाटून जाते, ब्रेक दाबलेला नसतानासुद्धा. पाच हजार किलोमीटरमध्ये ती जागा बाकीच्या डिस्कपेक्षा पातळ होते. मग ब्रेक दाबला की पॅड कधी जाड भागावर, कधी पातळ भागावर येतो आणि पेडल-स्टिअरिंग थरथरतं. म्हणून थरथर पहिल्या दिवशी नसते, काही महिन्यांनी येते, आणि म्हणूनच दोष डिस्कवर ढकलला जातो.

हब साफ झाला की नव्या डिस्कचं तेल ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. रॉकेल, डिझेल, पेट्रोल वापरू नका. त्यांचा तेलकट थर मागे राहतो आणि पॅडमध्ये मुरतो. डिस्क बसवून चारही नट वॉशर टाकून आवळा आणि डायल गेज (डिस्क किती डोलते ते काट्यावर दाखवणारं माप) कडेपासून १० मिमी आत लावून हाताने फिरवा. काटा ०.०५ मिमीच्या आत राहिला तर उत्तम. ०.१ च्या वर गेला तर डिस्क काढून एक स्टड पुढे, म्हणजे ९० अंशांत फिरवून बसवा आणि परत मोजा. डिस्क आणि हबचे बारीक दोष एकमेकांना छेद देतात आणि पुष्कळदा एवढ्यानेच माप आत येतं.

पिना, पिस्टन, पॅड

दोन्ही पिना काढून जुनं ग्रीस पुसा. ते काळं, चिकट, गुळाच्या काकवीसारखं झालेलं असेल तर पिन अडकतच होती. इथे डब्यातलं पिवळं एपी-३ ग्रीस लावायची सवय फार वाईट. खनिज तेलाने रबरी बूट फुगतात आणि पिन आत घट्ट धरतात. सिलिकॉन ग्रीसच, तेही पातळ थर. काही कॅलिपरमध्ये एका पिनच्या टोकाला रबराची नळी असते, दुसरीला नसते. त्यांची अदलाबदल करू नका. काढतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पिस्टनच्या बुटाला चीर नाही ना ते बघून, जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन हळू आत दाबा. शक्य असेल तर कॅलिपरच्या निपलला (ऑइल बाहेर काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडा, निपल उघडा आणि घाणेरडं ऑइल बाहेर येऊ द्या. पिस्टन बसला की निपल आधी बंद, मग क्लॅम्प सैल. हे सगळं पुढच्या चाकांसाठी. ज्या गाड्यांना मागेही डिस्क आहे त्यात बऱ्याचदा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोड लावल्याशिवाय हातच लावू नये.

नवे पॅड नव्या क्लिपांत बोटाच्या जोराने सरकले पाहिजेत. अडत असतील तर क्लिपखालचा गंज काढा. तरीही अडले तर पॅडच्या कानावरचा जाड रंग कानशीने हलका उतरवा; ब्रॅकेटचं लोखंड घासू नका. चाक लावताना नट समोरासमोर, दोन टप्प्यांत. ही खबरदारी पुढेही पाळायची आहे. पंक्चरवाल्याने हवेच्या गनने एक नट १५० ला आणि दुसरा ६० ला आवळला, तरी डिस्क तशीच कलते. पंक्चर काढून घरी आलात की नट सैल करून टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा हळूहळू दाबा, कडक होईपर्यंत. पिस्टन मागे ढकललेला आहे. पहिला ब्रेक सरळ तळाला जातो. पार्किंगमधून गाडी काढून फाटकापाशी ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही, असे अपघात या एका विसरण्यातून होतात. दहा वेळा दाबूनही पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. तशी गाडी रस्त्यावर आणायची नाही.

ऑइलबद्दल एवढंच. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलं असेल ते, सीलबंद छोट्या बाटलीतलं. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस हवा, पाणी मुरल्यावरची मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. मुंबईच्या दमट हवेत तीन वर्षं न बदललेलं ऑइल घेऊन आंबोली किंवा वरंधा उतरताना पेडल मऊ पडतं ते यामुळे. दोन वर्षांनी बदलावं. अर्धी वापरलेली जुनी बाटली फेकून द्यावी.

शेवटचं काम रस्त्यावरचं. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर जाऊ देऊन. नंतर चार-पाच किलोमीटर ब्रेक न वापरता गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर सिग्नलला पेडल दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा त्याच जागी उमटतो. पहिले ३०० किलोमीटर जोरात ब्रेक टाळा. सुरुवातीला थोडा वास आणि करकर ठीक आहे. तीन-चार दिवसांनीही आवाज आला तर झिजेची सूचना देणारी पत्र्याची जीभ असलेला पॅड उलट बाजूला लागला आहे का ते बघा. एका चाकाची रिम दुसऱ्यापेक्षा जास्त तापत असेल तर त्या बाजूच्या पिना परत उघडा. शंभर किलोमीटर झाले की चारही नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. एखादा पाव फेरा फिरला तर हबवर कुठेतरी गंज राहिला होता. ते चाक त्याच रविवारी परत काढा.